‘पुरस्कारप्राप्त’ म्हणजे नेमके काय?

घरांच्या पानभर जाहिरातींत ‘पुरस्कारप्राप्त गृहसंकुल’ हे शब्द हमखास दिसतात. पुरस्कार कुणी दिला ते बारीक अक्षरांत असते, कशासाठी दिला ते बहुधा नसतेच. कित्येकदा तर जागेवर नुसता पाया खणलेला असतो. बक्षीस मिळालेले असते ते चित्राला. चांगल्या घरबांधणीचा गौरव व्हावा, असे मलाही वाटते. पण गौरव कसा करावा आणि त्याला मर्यादा कुठे पडतात, हे समजून घ्यायचे तर इंदूरला जावे. तिथल्या दोन कामांना एकच मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे.

तो म्हणजे आगाखान वास्तुकला पुरस्कार. १९७७ मध्ये स्थापन झालेला हा पुरस्कार दर तीन वर्षांनी दिला जातो. मुस्लिम समाज लक्षणीय संख्येने राहतो अशा देशांतली कामे त्यात विचारात घेतात. करणारा कुठल्याही धर्माचा असो. इमारत वा वस्ती किमान वर्षभर वापरात असावी लागते. मग तज्ज्ञ जागेवर जाऊन पाहणी करतात आणि परीक्षकांना अहवाल देतात. बक्षिसातही वास्तुरचनाकाराबरोबर काम करवून घेणारी संस्था, अभियंते, कारागीर हे वाटेकरी असू शकतात. संगमरवराचे तर इथे काही अप्रूपच नाही. आपल्या चोपडा तालुक्यातल्या कुष्ठरोग्यांच्या एका साध्या, दगडी रुग्णालयालाही १९९८ मध्ये हा मान मिळाला.

इंदूरचे पहिले काम ‘अरण्य’ वसाहत. पुण्यात १९२७ साली जन्मलेले बाळकृष्ण दोशी तिचे रचनाकार, आणि इंदूर विकास प्राधिकरण तिचे मालक. जागा सुमारे ८५ हेक्टर, भूखंड साडेसहा हजारांच्या आसपास. आधी शहरातल्या झोपडपट्ट्यांत फिरून लोक कसे राहतात ते पाहिले गेले: ओट्यावर बसणे, दारातच चालणारा छोटा धंदा, झाडाखाली भरणारी मुले. मग गरिबांना तयार घर देण्याऐवजी ३५ चौरस मीटरांपासूनचे भूखंड दिले. त्यावर जोते, संडास-मोरी आणि नळ. नमुन्यादाखल ८० घरे बांधून दाखवली. पुढच्या खोल्या ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे चढवायच्या. पैशाचे गणितही पक्के होते. त्याच वसाहतीतले मोठे भूखंड आणि व्यापारी जागा चढ्या भावाने विकून लहान भूखंडांचा भार हलका केला. श्रीमंत आणि गरीब एकाच आराखड्यात बसवणे, हे मला यातले सर्वांत धाडसाचे वाटते. १९९५ मध्ये ‘अरण्य’ला पुरस्कार मिळाला. दोशींना पुढे २०१८ मध्ये प्रित्झकर पारितोषिकही लाभले.

दुसरे काम १९९८ चे. अभियंता हिमांशू पारीख यांची कल्पना अशी, की झोपडपट्ट्या बहुधा ओढ्या-नाल्यांच्या काठी असतात, आणि पाणी वाहून जाण्याची नैसर्गिक वाटही तीच. तेव्हा सगळ्या शहराची मलवाहिनी त्याच वाटेने न्यावी, म्हणजे वस्त्यांनाही सोय आणि नदीही स्वच्छ. सार्वजनिक संडासांऐवजी घरोघरी संडास, आणि त्यात रहिवाशांचाही सहभाग. १८३ वस्त्यांत हे काम झाले.

पण २००२ मध्ये नियोजनकार गीता दिवाण वर्मा यांनी ‘स्लमिंग इंडिया’ या पुस्तकात याच प्रकल्पावर कडक टीका केली. कागदावर गाजलेली व्यवस्था जमिनीवर नीट चालत नाही आणि पुरस्कारांमुळे हे अपयश झाकले जाते, हा त्यांचा मुद्दा. सगळाच दोष कल्पनेला द्यावा असे मला वाटत नाही. जोत्यावर खोली चढवणे हे मालकाच्या हातात असते. गटाराला मात्र पाणी लागते, सफाई लागते, शहरभर जोडणी लागते, आणि ती वर्षानुवर्षे नगरपालिकेनेच सांभाळावी लागते. तपासनीस एका वर्षी येतो, मलवाहिनी पुढच्या पावसाळ्यात तुंबते.

म्हणून जाहिरातीतले ते दोन शब्द दिसले, की विक्री कार्यालयात सरळ विचारावे: पुरस्कार मिळाला तेव्हा तिथे कुणी राहत होते का? परीक्षक येऊन गेले का? प्रवेशिकेचे पैसे कुणी भरले? आणि आज तिथली देखभाल कोण करते? ते सांगता येत नसेल, तर शेजारच्या जुन्या संकुलात जाऊन दोन घरी चहा प्यावा.