अश्वशक्ती नंतर, आधी वजन विचारा

बेगडेवाडीच्या आसपास ट्रॅक्टर घ्यायचा म्हटला की पहिला प्रश्न असतो, ‘किती एचपीचा?’ प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. फवारणीला लागते ती पीटीओची ताकद, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यापर्यंत पोहोचणारी. ती इंजिनाच्या आकड्यापेक्षा कमीच भरते. पीटीओचे प्रमाण फेरे मिनिटाला ५४०. ते कायम ठेवून वेग गिअरने ठरवायचा. ॲक्सिलरेटर कमीजास्त केला, तर पंपाचा दाब बदलतो आणि औषध कुठे जास्त, कुठे कमी पडते. म्हणून सावकाश चालणारे गिअर किती आहेत, हे शोरूममध्येच विचारावे. मागे टांगलेली ४०० लिटरची टाकी भरली, की पाण्याचेच ४०० किलो झाले. पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही. पुढे वजने लावावी लागतात.

भाताची पोती वाहताना गणित वेगळे. ट्रॅक्टर दोन टन, भरलेली ट्रॉली तीन टन, दहाला एक असा चढ आणि वेग ताशी १० किलोमीटर: निव्वळ चढासाठी साडेअठरा एचपी खर्ची पडतात. उतारावर मात्र हेच तीन टन मागून ढकलतात. मावळच्या रस्त्यांवर मी तरी ट्रॅक्टरचे वजन आणि ब्रेक आधी बघेन, एचपी मागाहून.

मध्य प्रदेशातील बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा. पीटीओची मोजलेली ताकद त्यातच असते.