दुकानाची गाडी आणि दौऱ्याची गाडी

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीच्या बाजारपेठेतील कोणत्याही पेढीसमोर सकाळी जी मोटरसायकल उभी असते, ती बहुधा शंभर सीसीची आणि सरळ बैठकीची असते. 1994 साली बाजारात आलेली स्प्लेंडर ही तिची प्रातिनिधिक मूर्ती. तिच्या मागच्या आसनावर दिवसभर नमुन्यांची पिशवी असते आणि सायंकाळी त्याच आसनावर देरासरला निघालेल्या आई बसतात. व्यापारी कुटुंबात अशी गाडी म्हणजे पेढीवरचा विश्वासू माणूसच.

या गाडीऐवजी पुढे झुकून चालवायची, लांब पल्ल्याची ‘स्पोर्ट्स टूरर’ घ्यावी असे घरातील तरुण म्हणतो, तेव्हा चर्चा वेग आणि किंमत या दोनच गोष्टींभोवती फिरते. प्रत्यक्षात सर्वांत आधी बदलते ती बैठक. सरळ गाडीवर हँडल उंच असते, पाय गुडघ्याखाली सरळ टेकतात आणि शरीराचा भार आसनावर राहतो. स्पोर्टी गाडीचे हँडल खाली आणि फूटरेस्ट मागे गेलेले असतात. धड पुढे कलते आणि भाराचा काही हिस्सा मनगटांवर येतो. महामार्गावर समोरून येणारा वारा छातीला आधार देतो, म्हणून ही बैठक तेथे सुखाची वाटते. शीळफाट्याच्या कोंडीत मात्र वाऱ्याचा आधार नसतो. क्लच सतत दाबावा लागतो, इंजिनाची ऊब मांड्यांना लागते आणि अर्ध्या तासात मनगटे बोलू लागतात. ज्याचा रोजचा प्रवास डोंबिवली ते ठाणे एवढाच आहे, त्याने अगदी खाली झुकलेली गाडी घेऊ नये. हँडल किंचित उंच असलेली मधली जातच त्याला मानवेल.

अशा मधल्या जातीचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच घडले. चाकणच्या कारखान्यात तयार होणारी बजाजची डॉमिनार 400 ही गाडी 2016 च्या अखेरीस आली. पहिल्या आवृत्तीचे वजन 182 किलो, तर स्प्लेंडरचे सुमारे 112 किलो. हा फरक एका माणसाच्या वजनाएवढा आहे. रस्त्यावर तो जाणवत नाही. सोसायटीच्या दाटीवाटीच्या पार्किंगमधून गाडी मागे ओढताना मात्र चांगलाच जाणवतो. हिशेबाची बाजूही पाहावी. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर 18 टक्के आणि त्याहून मोठ्यांवर 40 टक्के जीएसटी आहे. गाडी पेढीच्या नावावर घेतली तरी सामान्य व्यापाऱ्याला या कराचे इनपुट क्रेडिट मिळत नाही. डॉमिनारचीच 250 सीसीची आवृत्ती 2020 पासून उपलब्ध झाली, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मग ही गाडी न्यायची कोठे? नव्या रस्त्यांची चमक पाहून मन भुलते. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत आलेला समृद्धी महामार्ग या तिन्हींवर दुचाकीला मज्जाव आहे. उरतात ते जुने रस्ते. एक कसारा घाटातून नाशिककडे जातो, वाटेत शहापूरचे मानस मंदिर लागते. दुसरा कल्याणहून मुरबाड, माळशेज, आळेफाटा असा अहिल्यानगरला जातो. तेथे आचार्य आनंदऋषीजींचे आनंदधाम आहे. याच नगरमधील जैन फिरोदिया घराण्याच्या कायनेटिकने 1972 मध्ये पन्नास सीसीची, पायडल असलेली लूना देशाला दिली. ज्या घरांत आज चारशे सीसीची चर्चा चालते, त्यांपैकी अनेकांचे पहिले वाहन लूनाच होते.

घरातील वडीलधाऱ्यांची खरी चिंता किमतीची नसते, सुरक्षिततेची असते, आणि ती योग्यच आहे. ईर्यासमितीत साधू चार हात भूमी पाहून पाऊल टाकतो. गृहस्थाला ती समिती त्याच कठोरतेने लागू नाही, पण तिचे माप दुचाकीस्वाराने मनात जरूर धरावे. ताशी 40 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते, 80 च्या वेगात 22 मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर मात्र सुमारे चौपट होते. डोळ्यांना जेवढा रस्ता मोकळा दिसतो त्याच्या आत थांबता येईल, एवढाच वेग हवा. माळशेजच्या धुक्यात हे माप फार लहान होते. नव्या गाडीच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. 125 सीसीहून मोठ्या नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचे आहे. ओल्या रस्त्यावर चाक न अडकता ब्रेक लागण्याची ही सोय शंभर सीसीच्या जुन्या गाडीत नाही.

चौविहार पाळणाऱ्यांना आणखी एक संरक्षण आपोआप मिळते. सूर्यास्तापूर्वी भोजनशाळेत पोहोचायचे असेल, तर रात्रीचा घाट टळतो. दिग्व्रत घेतलेला श्रावक तर कोणत्या दिशेला किती दूर जायचे हे आधीच आखून घेतो. टाकी मोठी झाली म्हणून ती मर्यादा आपोआप मोठी होत नाही, याचा विचार गाडी घेण्यापूर्वीच व्हावा.

पोशाखाच्या दुकानात विशेष सावध राहावे लागते. दौऱ्याचे जॅकेट पारंपरिकरीत्या चामड्याचे असते, परंतु नायलॉन-पॉलिएस्टरच्या मजबूत विणीची, कोपर, खांदे आणि पाठीला संरक्षक पट्ट्या असलेली जॅकेटे आता सहज मिळतात आणि आपल्या उकाड्यात तीच बरी. चूक होते ती हातमोज्यांत. वरून कापड दिसते, पण तळव्याला बहुतेकदा बकरीचे कातडे लावलेले असते. बुटांचेही तसेच. आतली चिठ्ठी वाचावी, नसेल तर दुकानदाराला स्पष्ट विचारावे.

शेवटचा मुद्दा मागच्या आसनाचा. स्पोर्टी गाडीचे हे आसन उंच आणि अरुंद असते, साडी नेसून एका बाजूला बसणे तेथे धोक्याचे आहे. त्यामुळे आईंसाठी जुनी गाडी पेढीवर राहू द्यावी लागते, आणि एका गाडीच्या जागी दोन गाड्यांचा विमा भरावा लागतो. पत्नी सहप्रवासी होणार असेल, तर शोरूमभोवतीच्या फेरीवर निर्णय सोपवू नये. तिच्यासाठीही आयएसआय चिन्हाचे हेल्मेट घ्यावे आणि शक्य असल्यास एखाद्या परिचिताची तशीच गाडी मागून घेऊन कल्याणहून मुरबाडपर्यंत दोघांनी जाऊन यावे. परतल्यावर आधी तिला विचारावे, गाडी कशी वाटली.