जहाजाने दाखविलेले दुकान

"अहो, दुकान जहाजवाल्यांनीच सांगितलेलं होतं, तिथे फसवणूक होईलच कशी?" हे वाक्य अंबरनाथ-बदलापूरच्या परिसरात अलीकडे इतक्या निरनिराळ्या तोंडून ऐकावे लागले आहे, आणि ते उच्चारणारी माणसे एरवी व्यवहारात इतकी सावध असतात, की या एका समजुतीचा सविस्तर परामर्श घेणे आता अगत्याचे झाले आहे. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, कुळगावच्या शाळेत हयात घालविलेल्या बाई, उल्हासनगरात कापडाची पेढी चालविणारे कुटुंब, यांपैकी कोणाचा मुलगा न्यू जर्सीत असतो आणि तो आईवडिलांना बोलावून घेऊन बेयॉनच्या किंवा मायामीच्या बंदरातून आठवडाभर समुद्रावर फिरवून आणतो. ज्यांचे कोणी परदेशी नाही ते सहल कंपनीबरोबर सिंगापूरला जातात आणि तेथून पेनांग-फुकेतचे जहाज धरतात. परतल्यावर जांभळट निळ्या खड्याची अंगठी दाखविली जाते, किंमत दबक्या आवाजात सांगितली जाते, आणि शंका काढली की वरील वाक्य उत्तरादाखल येते.

वस्तुस्थिती अशी, की कॅरिबियन आणि अलास्काच्या सफरींत 'जहाजाने सुचविलेले दुकान' म्हणजे सामान्यतः आपले नाव सुचविले जावे म्हणून ज्याने पैसे भरले आहेत ते दुकान. मालाची पारख करून, भावांची तुलना करून, कोणी तज्ज्ञाने ते निवडलेले असते असे मुळीच नाही. सफरीच्या आरंभी जहाजाच्या नाट्यगृहात बंदरांच्या माहितीचे म्हणून एक व्याख्यान होते. व्याख्याता छातीवर नावाची पट्टी लावून, जहाजाच्या अधिकाऱ्यांच्या बरोबरीने वावरत असल्यामुळे त्यांच्यापैकीच वाटतो. परंतु तो बहुधा एका स्वतंत्र जाहिरात कंपनीचा माणूस असतो, ती कंपनी दुकानांकडून शुल्क घेते, आणि जहाज कंपनीशी तिचा करार झालेला असतो. व्याख्यानात बंदराच्या इतिहासाला चार वाक्ये मिळतात आणि उरलेला वेळ हिरे, घड्याळे व खडे यांना मिळतो. पुढे सोडत निघते, सवलतीची कार्डे वाटली जातात, आणि अमुक दुकानात गेल्यास पदक किंवा लोलक फुकट मिळेल असे सांगण्यात येते. तो फुकटचा लोलक घ्यावयास दुकानात पाऊल टाकावे लागते, हेच त्या दानाचे प्रयोजन होय.

व्याख्यानानंतर हाती पडणारा नकाशा एकदा चष्मा लावून नीट पाहावा. कागद गुळगुळीत, छपाई रंगीत. बंदरातील रस्ते काढलेले, परंतु त्या रस्त्यांवरील शेकडो दुकानांपैकी थोडक्याच दुकानांना क्रमांक दिलेले. उरलेल्यांच्या जागी नुसता फिका रंग, जणू तेथे वस्तीच नाही. आणि अगदी कडेला, बारीक टायपात, जहाजावर एरवी कोठेही न आढळणाऱ्या संकोचाने छापलेला मजकूर: या दुकानांनी प्रसिद्धीसाठी शुल्क दिलेले आहे, आणि खरेदीच्या व्यवहाराची जबाबदारी जहाज कंपनीवर नाही. वर्तमानपत्रात जाहिरात छापून आली म्हणून संपादक त्या मालाचा जामीन होत नाही, हे ज्याला पटते त्याला हेही पटावयास हवे.

हा माझा तर्क आहे असे कोणी म्हणू नये, म्हणून अलास्काचा दाखला देतो. जूनो, केचिकन, स्कॅगवे या बंदरांत उन्हाळ्यात जहाजांची रीघ लागते आणि तेथील स्थानिक दुकानदारांची तक्रार अशी होती, की नकाशावर नसलेल्या दुकानांविषयी प्रवाशांच्या मनात भय घातले जाते. त्या राज्याने कायदाच केला, की जहाजावर पैसे घेऊन दुकानाची शिफारस करणाऱ्याने ती जाहिरात आहे हे प्रवाशाला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आणि 2014 साली राज्याच्या महाधिवक्त्याने अशी शिफारस करणाऱ्या 3 कंपन्यांशी जी तडजोड केली तीत त्यांनी मिळून 2 लक्ष डॉलर भरण्याचे व आपली पद्धत सुधारण्याचे कबूल केले. ज्या शिफारशीची शासनाला अशी दखल घ्यावी लागली, तिला आपले लोक 'खात्रीचे ठिकाण' म्हणून शिरोधार्य मानतात, हे पाहून मन विषण्ण होते.

"पण हमी असते ना?" असते, ती वाचलेली नसते. तिची मुदत बहुधा 30 ते 60 दिवसांची असते, ती मालातील दोषापुरती असते, आणि तिच्या आधारे मिळते ते दुरुस्ती किंवा बदली. महाग घेतले, घरी आल्यावर पश्चात्ताप झाला, मुंबईच्या जवाहिऱ्याने निम्मी किंमत सांगितली, यांपैकी एकही कारण त्या हमीत बसत नाही. शिवाय ती बजावायची म्हणजे बदलापूरहून अंगठी विमा उतरवून, जकातीची कागदपत्रे भरून सातासमुद्रापार पाठवायची. हा उद्योग निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या माणसाने कधी करावा?

मला खरा राग येतो तो निराळ्याच गोष्टीचा. हीच माणसे उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात सोफा उलटा करून त्याची चौकट पाहतात, जीन्स घेताना शिवण आतून तपासतात, तीन दुकानांत भाव विचारल्याशिवाय चौथ्यात पैसे काढीत नाहीत. 1949 साली निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या त्या शहराच्या मालाविषयी 'यूएसए' (म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन') शिक्क्याच्या कथा सांगण्यात ज्यांना रस वाटतो, ते समुद्रापलीकडे एका थाळीत मखमलीवर मांडलेल्या खड्यापुढे प्रश्न विचारणे विसरतात. कारण उघड आहे. ज्या जहाजाने आपल्याला सुखरूप नेले, वेळेवर जेवू घातले, रात्री निर्धास्त झोपविले, त्याच्यावर बसलेला विश्वास नकळत त्या दुकानापर्यंत पोहोचतो. आणि विक्रेत्याचे सारे कसब या उसन्या विश्वासावर चालते. त्यात घड्याळ त्याच्या बाजूने असते. जहाज संध्याकाळी सुटणार, पुन्हा या बंदरात येणे नाही, भाव आजचाच, व्यवस्थापकाने केवळ आपल्यासाठी खाली आणलेला. पाणी आले, खुर्ची आली, अंगठी बाईंच्या बोटात घातली गेली, आणि नवऱ्यापुढे गणकयंत्र सरकले. अशा वेळी "दुसरीकडे पाहून येतो" हे तीन शब्द ज्याला उच्चारता येत नाहीत तो हरला.

आता त्या निळ्या खड्याविषयी. त्याचे नाव टांझानाइट. 1967 साली टांझानियात, किलिमांजारो पर्वताच्या परिसरातील मेरेलानी टेकड्यांत तो सापडला, आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीने त्याला हे नाव देऊन बाजारात आणले. व्यापारी प्रमाणात तो त्या एकाच ठिकाणी मिळतो, हे सत्य आहे. या सत्याच्या आधारे "खाण संपत आली, हा हिऱ्यापेक्षा सहस्रपटींनी दुर्मिळ, पुढल्या पिढीला पाहायलाही मिळणार नाही" असे कथानक रचले जाते. खाण संपणार असे सांगत विक्रेत्यांची एक पिढी निवृत्त झाली. दरम्यान जून 2020 मध्ये तेथील एका लहान खाणमालकाला सुमारे 9 व 5 किलोग्रॅम वजनाचे दोन प्रचंड खडे मिळाले आणि ते टांझानियाच्या सरकारने विकत घेतले. दुर्मिळता आणि पुनर्विक्रीची किंमत या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय मोहस् मापनात या खड्याचे काठिण्य 6 ते 7 च्या दरम्यान, म्हणजे रोज भांडी घासणाऱ्या हाताच्या अंगठीला तो योग्य नव्हे. आणि त्याचा तो मोहक निळा रंग बहुतेक वेळा मुळातल्या तपकिरी खड्याला उष्णता देऊन आणलेला असतो. यात लबाडी नाही, ती मान्य प्रक्रिया आहे, पण विकताना सांगावयास हवी. टांझानाइटला पैलू पाडण्याचे फार मोठे काम जयपुरात चालते. तेव्हा जयपूरहून निघालेला खडा कॅरिबियन बेटावर जाऊन, दुकानाचे भाडे, प्रसिद्धीचे शुल्क आणि विक्रेत्याचा मोबदला अंगावर घेऊन बदलापुरास परत येतो, त्याचा भाव काय होईल याचा हिशेब कोणीही करावा.

दुसरी समजूत, 'ड्यूटी-फ्री म्हणजे स्वस्त'. ड्यूटी-फ्री म्हणजे त्या देशाचा कर माफ; मूळ किंमत किती लावावी हे दुकानदाराच्या हाती. सिंगापुरात तर आयात-शुल्क मुळात मद्य, तंबाखू, मोटारवाहने व खनिज तेल एवढ्यांवरच आहे. मग घड्याळावर, कॅमेऱ्यावर कसली ड्यूटी माफ झाली? तेथे लागतो तो वस्तू व सेवा कर, 1 जानेवारी 2024 पासून 9 टक्के; पर्यटकाला नियमांत बसल्यास त्याचा परतावा मिळतो. परंतु सिंगापुरातूनच निघून सिंगापुरातच परतणाऱ्या जहाजाच्या प्रवाशाला जहाजावर चढताना तो मागता येत नाही, विमानतळावरून देश सोडताना मागावा लागतो. हे माहीत नसल्याने ऐन गर्दीत गोंधळ उडतो. आणि दुकानदाराने "रुपयांत द्यायचे की डॉलरांत?" असे विचारले तर तेथील चलनच सांगावे, रुपयांचा पर्याय सोयीचा दिसतो, दर मात्र बहुधा त्यात वाईट लागतो.

थायलंडच्या किनाऱ्यावर हीच कथा भिन्न पोशाखात येते: आज सरकारी रत्नविक्रीचा शेवटचा दिवस, असे रिक्षावाला सांगतो आणि थेट दारात नेऊन सोडतो. अशी सरकारी रत्नविक्री नसते. तेथील पर्यटन खात्यानेच प्रवाशांना याबाबत सावध केलेले आहे.

राहिलेल्या समजुती थोडक्यात आटोपतो. दुकानदार हिंदीत बोलला म्हणजे घरचा भाव लावील, असे नाही; फिलिप्सबर्ग आणि शार्लट अमाली या बंदरांत सिंधी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या प्रामाणिकपणे धंदा करीत आहेत, पण भाषा ही भावाची हमी नव्हे. दुकानानेच दिलेला मूल्यांकनाचा दाखला म्हणजे स्वतंत्र परीक्षण नव्हे. ते हवे असल्यास वांद्रे-कुर्ला संकुलात रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळा आहेत. आपल्याकडे सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांक 1 एप्रिल 2023 पासून विक्रीसाठी अनिवार्य झाला आणि तो 'बीआयएस केअर' ॲपवर पडताळता येतो. परदेशी बंदरात घेतलेल्या दागिन्यावर तो नसतो. मुंबईहून गोव्यास किंवा लक्षद्वीपला जाणारे जहाज देशाच्या किनाऱ्यानेच फिरते, त्यावर आयात-शुल्क माफीचा प्रश्नच उद्भवत नाही. कुटुंबातील चौघांची शुल्कमाफी एकत्र करून एका दागिन्यावर वापरता येते, ही समजूत समूळ चुकीची. 2016 च्या बॅगेज नियमांत तशी स्पष्ट मनाई होती. त्या नियमांतील 50,000 रुपयांचा आकडा लोकांच्या जिभेवर बसला आहे. अशा मर्यादा शासन बदलत असते, म्हणून प्रवासाच्या वेळी लागू असलेली मर्यादा सीमाशुल्क खात्याकडून पाहून घ्यावी. पावती फाडून टाकल्याने सुटका होत नाही, अडचण वाढते. घरचे दागिने अंगावर घेऊन जाणाऱ्यांनी जाण्यापूर्वी विमानतळावर त्यांचा निर्यात-दाखला करून घ्यावा, म्हणजे परतताना वाद उरत नाही.

जमिनीवरही या प्रकाराची एक शाखा आहे. प्रदर्शनात किंवा मॉलमध्ये कूपन भरून घेतात, चार दिवसांनी दूरध्वनी येतो, "काका, तुम्हाला क्रूझचं बक्षीस लागलंय, काकूंना घेऊनच या", आणि हॉटेलच्या सभागृहात दोन-तीन तास बसवून पंचवीस वर्षांच्या सहल-सभासदत्वाचा करारनामा पुढे ठेवतात. 'सही केली तरी आठ दिवसांत केव्हाही रद्द करता येते' हा येथला गैरसमज. भारतात अशा प्रत्येक कराराला लागू पडेल अशी सार्वत्रिक माघारीची मुदत कायद्याने दिलेली नाही. करारनाम्यात जे कलम असेल तेवढाच आधार. दोघांना एकत्रच बोलावण्यामागेही हेतू असतो: घरी जाऊन विचारू, ही सबब उरू नये.

शेवटची समजूत, 'आता तक्रार करून काय उपयोग?' परदेशी दुकानदाराकडून वसुली कठीण, हे खरे. पण येथील सहल कंपनीने कार्यक्रमात न दाखविलेल्या दुकानात तासन्‌तास बसविले असेल, किंवा सभासदत्व खोट्या आश्वासनावर विकले असेल, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर तिन्ही ठाणे जिल्ह्यात. कंपनीचे मुख्य कार्यालय दिल्लीस असले तरी दिल्लीस जाण्याचे कारण नाही. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. व्यवहार क्रेडिट कार्डावर झाला असेल तर बँकेला विलंब न लावता लेखी कळवावे, कारण हरकतीची मुदत थोडी असते. आणि त्यासाठी पावती, हमीपत्र, सहलीचा छापील कार्यक्रम आणि तो गुळगुळीत नकाशा, कडेच्या बारीक मजकुरासह, जपून ठेवलेला असावा.