आधी धार बघा, मग सौदा!

समुद्र घाटाखाली, पण नौदलाच्या इंजिनांची शाळा घाटावर! लोणावळ्याची आयएनएस शिवाजी 15 फेब्रुवारी 1945 ला सुरू झाली आणि नौदलाचे मरीन इंजिनिअर आजही तिथेच घडतात. त्याच मावळात सुदुंबऱ्याला एनडीआरएफच्या पाचव्या बटालियनचा तळ आहे. पुरात त्यांच्या रबरी बोटी ज्या मोटरीवर धावतात तिला जवान ‘ओबीएम’ म्हणतात. ओबीएम म्हणजे आउटबोर्ड मोटर. बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची, काम झालं की काढून न्यायची. पवना धरणाच्या काठावर कोणी अशी वापरलेली मोटर घ्यायच्या विचारात असेल, तर पुढचं सगळं त्याच्यासाठी.

ही मोटर घराघरांत पोहोचवली ओले एव्हिनरूडने. नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या या मिस्त्रीची 1909 ची मोटर दीड हॉर्सपॉवरची होती आणि वजन 28 किलो. भर उन्हात वल्ही मारत तो आइस्क्रीम आणायला गेला, परत येईपर्यंत ते वितळलं आणि मोटरीची कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. एव्हिनरूडचं उत्पादन 2020 मध्ये बंद झालं. त्यामुळे या नावाची जुनी मोटर स्वस्तात मिळाली तर किमतीआधी पार्टची चौकशी करा.

धार आहे का? मोटर चालू झाली की मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार उडायला हवी. इंजिन गार ठेवणारं पाणी फिरतंय याची ती खूण. धार नसेल तर लगेच बंद करा, ‘जरा बघू’ नको. आधी धारेच्या छिद्रात पातळ तंगूस घालून बघा, कित्येकदा तिथे नुसता चिखल बसलेला असतो. तरीही धार आली नाही तर इंपेलर खोलायचा. पाणी खेचणारं हे रबराचं छोटं चक्र पाण्यानेच ओलं राहतं, कोरडं फिरलं तर काही सेकंदांत त्याच्या पाकळ्या खराब होऊ लागतात. म्हणून अंगणात ‘चालू करून दाखवतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला आधी ड्रम भरायला सांगा. वापरलेली मोटर घेतली की इंपेलर नवा टाकायचाच, जुना कितीही चांगला दिसो.

तंगुसाचा घाव. धरणात मासेमारी म्हणजे पाण्यात तंगूस आलाच. तो पंख्यामागे शाफ्टला गुंडाळला जातो आणि आतलं ऑइल सील कापतो. बाहेरून काहीच दिसत नाही, पण गिअर ऑइल काढलं की चोरी उघडी पडते. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, जळका वास असेल तर ते बरेच दिवस बदललेलं नाही, आणि लोखंडाचे कण सापडले तर सौदा सोडा. नवं तेल भरायची रीत उलटी आहे. ते खालच्या भोकातून दाबत वर चढवायचं, म्हणजे आतली हवा वरच्या भोकातून निघून जाते. वरून ओतलं तर हवा आत कोंडते आणि गिअर अर्धे कोरडे राहतात.

घाटावर ताकद कमी! लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर उंच, इथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण 6 टक्के विरळ. त्याच प्रमाणात इंजिनाची ताकद घटते. अलिबागला उड्या मारणारी मोटर पवनेवर मंद वाटली, तर लगेच इंजिनाला दोष देऊ नका. कार्बोरेटरचं इंजिन इथे जास्त पेट्रोल खातं आणि प्लग काळे करतं, त्यासाठी जेट बदलावा लागू शकतो. पंखाही एक इंच कमी पिचचा लावून बघा, फेरे साधारण 150 ते 200 ने वाढतात. इंजिन जोरात ओरडतंय पण बोट हलत नाही, असं असेल तर मात्र बहुधा पंख्याच्या मधलं रबरी बुश घसरलंय. लहान मोटरीत बुशाच्या जागी एक पिन असते. पंखा दगडावर आदळला की पिन तुटते आणि गिअर वाचतात. जास्तीची पिन बोटीत ठेवाच.

किनाऱ्यावरून आलेली मोटर. खाऱ्या पाण्यातल्या मोटरीला गंजापासून वाचवायला जस्ताचे तुकडे लावतात, मोटरीऐवजी ते झिजतात. पण गोड्या पाण्यात जस्तावर थर चढतो आणि ते काम थांबवतं. तिथे मॅग्नेशियम चांगलं, ॲल्युमिनियम दोन्हीकडे चालतं. या तुकड्यांवर रंग मारलेला दिसला तर आधीच्या मालकाने मोटर कशी सांभाळली असेल ते कळतंच. टोपण उघडून सिलिंडरच्या डोक्यावरचा रंगही बघा. तिथे जळल्याचा डाग असेल तर ती कधीतरी तापली आहे. मग कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. सगळ्या सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या 10 टक्क्यांच्या आत हवेत.

चालूच होत नाही? दोरी ओढून दमण्याआधी किल-स्विचची लाल क्लिप जागेवर आहे का पाहा, मग गिअर न्यूट्रलला आहे का. पाच-दहा मिनिटं चालून बंद पडत असेल तर बहुधा टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय. नळीतला रबरी फुगा चपटा होणं ही त्याची खूण. तो दाबूनही कडक होत नसेल तर कुठेतरी हवा शिरतेय.

पेट्रोल जुनं नको. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. मावळातल्या दमट हवेत पाणी पुरेसं जमलं की इथेनॉल आणि पाणी तळाला वेगळे होतात, टू-स्ट्रोकचं ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. नळी तळातून खेचते, म्हणजे इंजिनात ऑइलच जात नाही आणि ते सीझ होतं! लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. पावसाळ्यात मोटर ठेवून द्यायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. टू-स्ट्रोकला ऑइलही टीसी-डब्ल्यू 3 खुणेचंच घ्या, 50 ला 1 म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर. स्कूटरचं टू-टी हवेने गार होणाऱ्या तापत्या इंजिनासाठी असतं, या मोटरीत ते राख साठवतं.

मोटर बुडाली तर? काढल्यावर लगेच मिस्त्री मिळणार नसेल तर ती परत स्वच्छ गोड्या पाण्यात बुडवून ठेवा! गंज खरा पकडतो तो ओल्या लोखंडाला हवा लागल्यावर. चालू असताना बुडाली असेल तर दोरी ओढूच नका, सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

मोटर कोणती घ्यावी, याबद्दल माझं मत ठाम आहे: पवनेवर फोर-स्ट्रोकच. कार्बोरेटरचं जुनं टू-स्ट्रोक 25 ते 30 टक्क्यांपर्यंत पेट्रोल न जळताच पाण्यात सोडतं आणि हेच पाणी पिंपरी-चिंचवडचे लाखो लोक पितात. होंडाने 1964 मध्ये पहिली आउटबोर्ड काढली तीच फोर-स्ट्रोक होती, म्हणजे हा पर्याय काही नवा नाही. यांत्रिक बोटीला नोंदणी आणि तपासणी लागते, धरणावर उतरायला परवानगी लागते. दोन्ही आधी मिळवा. आणि पेट्रोल भरायचं ते टाकी बोटीतून काढून, काठापासून दूर जमिनीवर ठेवून.