गोळीतली गंधकाची रिंग कशी बनते? ३ + २ = ५ चं सोपं गणित



फोनवर पबकेम ही मोफत साइट उघडा आणि ॲसिडिटीवरचं औषध फॅमोटिडीन शोधा. चित्रात एक पंचकोन दिसेल. त्याच्या एका कोपऱ्यावर नायट्रोजन, दुसऱ्यावर गंधक. ही थायाझोल रिंग. कार्बनसोबत असे वेगळे अणू रिंगमध्येच असले की तिला हेटरोसायक्लिक, म्हणजे विषमचक्रीय म्हणतात.

मी कोड लिहितो, केमिस्ट नाही. पण या रिंगमागचं लॉजिक मला लगेच ओळखीचं वाटलं: सगळं शून्यापासून लिहायचं नाही, तयार मॉड्यूल जोडायचं.

तयार मॉड्यूल कोणतं?

थायोयुरिया. युरियाच समजा, फक्त ऑक्सिजनच्या जागी गंधक. जर्मन केमिस्ट आर्थर हान्ट्श यांची १८८७ ची पद्धत आजही वापरतात. जोडीला घ्या क्लोरोॲसिटोन.

१. थायोयुरियातला गंधक क्लोरीन असलेल्या कार्बनला जोडला जातो. क्लोरीन बाहेर पडतो.
२. नायट्रोजन शेजारच्या कार्बोनिल कार्बनला पकडतो. रिंग बंद!
३. पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि रिंग स्थिर होते.

हिशोब बघा: थायोयुरियाकडून गंधक, कार्बन, नायट्रोजन असे ३ अणू, समोरून २ कार्बन. झाले ५.

याचा फायदा काय?

गंधक आधीच योग्य कार्बनला जोडलेला असतो, त्यामुळे रिंगमध्ये कोण कुठे बसणार हे ठरलेलंच. क्लोरोॲसिटोनऐवजी त्याच जातीचं दुसरं कीटोन घेतलं, की रिंगला वेगळी शेपटी लागते. इनपुट बदला, आउटपुट बदलतं.

सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्सोन या अँटिबायोटिक्समध्येही अमिनोथायाझोल रिंग आहे, आणि कारखान्यात तो तुकडा थायोयुरियापासूनच बनवतात. या रिंगमुळे औषधाची ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंवरची पकड वाढते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा

हा प्रयोग घरी करायचा नाही. क्लोरोॲसिटोन पहिल्या महायुद्धात अश्रुधूर म्हणून वापरलं गेलं होतं.

आणि सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने सेफिक्झिम आणू नका. सर्दी विषाणूमुळे होते, तिथे ही गोळी काहीच करत नाही. उलट शरीरातले जिवाणू तिला सरावतात, आणि खरी गरज पडेल तेव्हा ही मेहनतीने बनवलेली रिंग कामाची राहत नाही.

आता पबकेमवर सेफिक्झिम शोधा. त्यात गंधक असलेल्या रिंग किती, ते मोजून कमेंटमध्ये सांगा!