एअर रायफलीच्या जोडणीतील सातत्य आणि आघातबिंदूची स्थिरता : एक विवेचन

प्रस्तावना

दहा मीटर एअर रायफल या क्रीडाप्रकारातील लक्ष्यावर दहाचे वर्तुळ म्हणून जे दाखविले जाते ते वस्तुतः अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा एक ठिपका असतो. त्याबाहेरील प्रत्येक वलयाची रुंदी अडीच मिलिमीटर असते. २०१३ पासून प्राथमिक फेरीतही दशांश गुणांकन लागू झाले. तेव्हापासून पाव मिलिमीटर अंतराला एक दशांश गुणाची किंमत आली आहे. अशा स्पर्धेत रायफलीचा एखादा स्क्रू कसा आवळला गेला, हा प्रश्न केवळ दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचा राहत नाही.

अभिनव बिंद्रा यांनी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये या प्रकारात सुवर्णपदक मिळविले. त्यांचा अखेरचा छर्रा १०.८ गुणांचा होता व एकूण गुण ७००.५ होते, हे बहुतेकांस ज्ञात आहे. तथापि अंतिम फेरीपूर्वीच्या चाचणी छर्ऱ्यांत पहिलाच छर्रा केंद्रापासून अनपेक्षितपणे दूर गेला होता व साईट पुन्हा जुळवून घ्यावी लागली होती, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. या घटनेकडे सामान्यतः खेळाडूच्या मनोधैर्याचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखकास तीत आणखी एक गोष्ट दिसते. छर्रा दूर जाताच दोष आपला की रायफलीचा, हे ठरविण्याची क्षमता त्या खेळाडूपाशी होती. महाविद्यालयीन स्तरावरील खेळाडूपाशी ती बहुधा नसते, आणि दुर्दैवाने त्याच्या मार्गदर्शकापाशीही नसते.

महाराष्ट्रात अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत यांच्यापासून २०२२ मध्ये कैरो येथे जगज्जेता ठरलेल्या रुद्रांक्ष पाटील याच्यापर्यंत रायफल नेमबाजीची सशक्त परंपरा निर्माण झाली आहे. तिच्या प्रभावाने अनेक महाविद्यालयांत लहानमोठी नेमबाजी केंद्रे सुरू झाली. या केंद्रांत एकच रायफल चारपाच विद्यार्थी वापरतात. ती वारंवार उघडली, पुसली व पुन्हा जोडली जाते. प्रस्तुत लेखक भौतिकशास्त्राचा अध्यापक असून अशाच एका केंद्राची जबाबदारी त्याच्याकडे आहे. पुढील विवेचनास त्या अनुभवाची, आणि त्यातील एका चुकीची, पार्श्वभूमी आहे.

एक प्रसंग

काही वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आधी, केंद्रातील लाकडी दस्त्याची रायफल मी स्वच्छतेसाठी उघडली. नळी व यंत्रभाग दस्त्यातून बाहेर काढला, पुसला, परत बसविला आणि हाताच्या अंदाजाने ॲलन की फिरवून स्क्रू आवळले. त्यानंतर आमच्या एका विद्यार्थिनीचे छर्रे कधी डावीकडे, कधी खाली पडू लागले. एका दिवशी साईट जुळविली की दुसऱ्या दिवशी ती जुळवणी निरुपयोगी ठरे. मी तिला श्वासावर लक्ष द्यावयास सांगितले, चाप ओढताना बोट सरळ मागे येत नाही असेही सांगितले. दोन आठवडे हे चालले. अखेरीस तिने संघनिवडीतून स्वतःचे नाव मागे घेतले.

त्यानंतर सहज म्हणून ती रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून दुसऱ्याने चालविली, तर तीच भटकंती! दस्ता उघडल्यावर यंत्रभागाच्या बैठकीत लाकडाची एक बारीक ढलपी अडकलेली आढळली. पुढचा स्क्रू घट्ट होता. मागचाही हाताला घट्टच लागत होता, परंतु त्याखालचा यंत्रभाग बैठकीला पूर्ण टेकलेला नव्हता. पावसाळ्यातील दमट हवेने लाकूड फुगले, की उन्हाच्या दिवशी आक्रसले, त्यानुसार यंत्रभागावरील ताण बदलत होता. दोष तिच्या बोटात नव्हता, तो मी केलेल्या जोडणीत होता.

आघातबिंदू कशावर अवलंबून असतो

रायफलीत दोन रेषा असतात. एक नळीच्या पोकळीची व दुसरी मागील व पुढील साईट जोडणारी दृष्टिरेषा. नेमबाज दृष्टिरेषा लक्ष्यावर आणतो, छर्रा मात्र नळीच्या रेषेने निघतो. या दोन रेषांमधील कोन कायम राहिला तरच आघातबिंदू कायम राहतो. जोडणीचे सर्व शास्त्र या एका वाक्यात सामावले आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हा कोन किती नाजूक आहे ते साध्या समरूप त्रिकोणांनी काढता येते. दोन साईटमधील अंतर ७०० मिलिमीटर धरू. लक्ष्य १०,००० मिलिमीटरवर आहे. म्हणजे मागील साईटचे सरकणे लक्ष्यावर सुमारे चौदापट होऊन दिसते. मनुष्याच्या केसाची जाडी साधारणतः ०.०७ मिलिमीटर असते. साईट तेवढी सरकली तर छर्रा एक मिलिमीटर ढळतो, म्हणजेच चार दशांश गुण जातात.

छर्ऱ्याच्या वेगाचा परिणाम तुलनेने सौम्य आहे. वेग सेकंदास १७० मीटर धरल्यास दहा मीटर जाण्यास सुमारे ०.०५९ सेकंद लागतात व तेवढ्यात छर्रा गुरुत्वाकर्षणाने सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. वेगात सेकंदास एक मीटरचा फरक पडला तर हे पतन सुमारे ०.२ मिलिमीटरने बदलते. दाब नियामक किंवा त्यातील रबरी कडी जुनी झाल्यास तीनचार मीटरचा फरक पडू शकतो व तो केवळ उभ्या दिशेत दिसतो. छर्रे उभ्या रेषेत विखुरत असतील तर हवेच्या मार्गाकडे पाहावे, आडवे विखुरत असतील तर तिकडे पाहण्यात वेळ दवडू नये.

याच १७ मिलिमीटरचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. रायफल दृष्टिरेषेभोवती तीन अंश कलली तर आघातबिंदू सुमारे ०.९ मिलिमीटर बाजूस सरकतो. खांद्याला टेकणारी पट्टी प्रवासासाठी सैल करून पुन्हा बसविताना किंचित फिरली, की नेमबाज नकळत रायफल निराळ्या कलाने धरतो. गालपट्टीची उंची बदलली तर डोळा साईटच्या छिद्रामागे निराळ्या ठिकाणी येतो. दोन्ही वेळी रायफल निर्दोषच असते, आणि नेमबाजही.

जोडणीचे सांधे

यंत्रभाग व दस्ता यांचा सांधा सर्वांत महत्त्वाचा. बैठक असमान असेल तर दोन स्क्रू आवळताच यंत्रभाग धनुष्यासारखा अत्यल्प वाकतो, आणि प्रत्येक जोडणीत निराळा वाकतो. यास्तव बैठक कोरड्या ब्रशने स्वच्छ करावी, यंत्रभाग बसवून हाताने मागे दाबावा, दोन्ही स्क्रू प्रथम बोटांनी टेकेपर्यंत फिरवावेत व नंतर आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत. अखेरचा पीळ टॉर्क पान्याने, उत्पादकाने दिलेल्या मूल्याइतकाच द्यावा. येथे एक सावधानता आवश्यक आहे. आट्यांना तेल लागलेले असल्यास त्याच टॉर्कला स्क्रूमधील ताण अधिक येतो. म्हणून आटे नेहमी कोरडे, किंवा नेहमी सारखेच तेलकट असावेत. ‘जितके घट्ट तितके चांगले’ ही आपल्याकडील सार्वत्रिक समजूत लाकडी दस्त्याच्या बाबतीत तर घातकच आहे, कारण लाकूड दबत जाते. हवे असते ते पुनरावर्तन. प्रत्येक वेळी तितकेच आणि त्याच क्रमाने.

साईट रुळावर चढविताना ती एकाच दिशेने ढकलून, ठरलेल्या खुणेशी टेकवून मगच आवळावी. रुळावर व साईटच्या पायावर मिळून एक बारीक रेघ ओढून ठेवल्यास सरकणे चटकन लक्षात येते. हवेचे सिलिंडर हातानेच बसवावयाचे असते, त्याची हवा रबरी कडी रोखते, पाना नव्हे. ज्या रचनेत सिलिंडर मोकळे ठेवले आहे तेथे ते नळीला किंवा दस्त्याला घासत नाही ना, हे कागदाची पट्टी मधून फिरवून पाहता येते. रायफल रिकामी असल्याची खात्री करून घेतल्याशिवाय यांपैकी कशालाही हात लावू नये, हे सांगणे न लगे.

स्प्रिंगच्या रायफलीची गोष्ट निराळी. आपल्या अनेक केंद्रांत अद्याप नळी मोडून भरावयाच्या रायफली आहेत. त्यांत दट्ट्या पुढे धावताना रायफल मागे येते व दट्ट्या थांबताना पुढे ढकलली जाते. या दुहेरी धक्क्याने दस्त्याच्या पुढील भागातील दोन बाजूंचे व चापाच्या कड्याजवळचे स्क्रू आपोआप ढिले होतात. ते दर सत्रापूर्वी तपासावेत. नळीच्या बिजागरीचा स्क्रूही तपासावा. रायफल भरताना अर्धवट मोडलेली नळी सोडून दिल्यावर स्वतःच्या वजनाने खाली लोंबत असेल तर सांधा ढिला आहे. या रायफलीत दोन्ही साईट नळीवरच असतील तर नळी किंचित निराळी मिटली तरी दृष्टिरेषा तिच्याबरोबरच जाते. मात्र मागील साईट किंवा दुर्बीण यंत्रभागावर बसविली की तीच ढिलाई थेट लक्ष्यावर उमटते. चांगली साईट बसविल्यावर नेम बिघडला, या विद्यार्थ्यांच्या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

दोषनिश्चिती

मापनशास्त्रात आपण सातत्याने एकाच बाजूस होणारी चूक व यदृच्छया होणारी चूक असा भेद करतो. पहिली साईटच्या क्लिकने दूर होते. दुसरी क्लिकने दूर करावयास गेल्यास वाढते. आमची विद्यार्थिनी दोन आठवडे नेमके तेच करीत होती.

म्हणून क्लिक फिरविण्यापूर्वी रायफल टेकवून दहा छर्रे मारावेत, गटाचे केंद्र मोजावे, मग एकच सांधा सोडून पुन्हा जोडावा व आणखी दहा छर्रे मारावेत. छर्रे एकाच डब्यातील असावेत. एका वेळी दोन सांधे सोडल्यास काहीच सिद्ध होत नाही. निष्कर्षाची घाईही करू नये. समजा, टेकविलेल्या रायफलीचे प्रमाण विचलन ०.५ मिलिमीटर आहे, तर दहा छर्ऱ्यांच्या केंद्रातच सुमारे ०.१६ मिलिमीटरची अनिश्चितता असते, पाचांच्या केंद्रात ०.२२. अशा दोन गटांची तुलना करताना ती आणखी वाढते. तेव्हा केंद्र पाव मिलिमीटर हलले म्हणून स्क्रूला दोष देणे हे विद्यार्थिनीच्या बोटाला दोष देण्याइतकेच उतावळेपणाचे होय. केंद्र एक मिलिमीटर हलले तर मात्र तो सांधा संशयास्पद समजावा.

आमच्या केंद्रात आता प्रत्येक रायफलीची एक वही आहे. कोणता सांधा केव्हा, कोणी व किती टॉर्कने जोडला आणि आधीचे व नंतरचे केंद्र कोठे होते, एवढेच तीत लिहिले जाते. वहीतील पहिली नोंद त्या लाकडी दस्त्याच्या रायफलीची आहे. बैठक साफ करून स्क्रू नव्याने आवळले तेव्हा ती विद्यार्थिनी समोर उभी होती व पाना तिच्याच हाती होता. सलग तीन जोडण्यांत गटाचे केंद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहिले. स्पर्धा तोवर होऊन गेली होती.