मैफलीचे ध्वनिमुद्रण : सुटसुटीत साधन निवडताना काय पाहावे?

यशवंतपूर (बंगळुरू) : रेल्वे स्थानकातील गाड्यांची ये-जा, बाजार समितीकडे वळणारे मालट्रक, तुमकुरू रस्त्यावरील अखंड वर्दळ आणि उन्नत मार्गावरून धावणारी मेट्रो. यशवंतपूरसारख्या परिसरात गाण्याची बैठक ध्वनिमुद्रित करावयाची, तर साधनाची निवड केवळ किमतीवर करून भागत नाही. खोलीबाहेरचा आवाज, गायकाचा पल्ला आणि मैफलीची लांबी, या तिन्ही गोष्टी आधी विचारात घ्याव्या लागतात. रंगलेली बैठक पुन्हा तशीच होत नसल्याने त्या वेळी झालेली चूक नंतर भरून काढता येत नाही.

ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग १९०२ मध्ये यंत्रसामग्री घेऊन कोलकात्यात आले, तेव्हापासून पुढे अनेक दशके ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकांचा ख्यालही त्यामुळे आटोपशीर रूपातच जतन झाला. संपूर्ण विस्तार टिपणे शक्य झाले ते फितीवरील, आणि पुढे डिजिटल, यंत्रांमुळे. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह झाला. त्या कार्यात बर्नार्ड बेल यांनी १९९० च्या दशकात १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केले. घराघरांतील जाती बंद पडत असताना गावोगाव नेता येणारी साधने हाताशी नसती, तर हे स्वर ऐकण्यास उरले नसते.

आज प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे. मात्र त्याचा माइक प्रामुख्याने बोलण्यासाठी घडविलेला असतो आणि बहुतेक संचांत आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त होते. संथ आलापाच्या वेळी यंत्र पातळी वाढवते, त्यासोबत पंख्याची घरघरही वर येते. तबल्याची पहिली जोरदार थाप पडताच पातळी एकदम खाली जाते आणि तानपुरा दबतो. गाण्यातील लहान-मोठेपणाचा डौल अशा रीतीने सपाट होतो. म्हणून पातळी हाताने ठरविता येणारा स्वतंत्र रेकॉर्डर ही पहिली गरज ठरते.

अशा रेकॉर्डरवर ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट ही नोंद मैफलीसाठी पुरेशी असते. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, अशी पातळी ठेवल्यास अचानक आलेल्या तिहाईला जागा उरते. अलीकडे ३२ बिट फ्लोट पद्धतीची छोटी यंत्रेही मिळतात. त्यांत पातळीचा अंदाज चुकला, तरी आवाज नंतर सावरता येतो. मात्र माइकच्या क्षमतेपलीकडे गेलेला आवाज त्यांनाही दुरुस्त करता येत नाही.

दुसरा प्रश्न माइकचा. लहान घरगुती बैठकीत यंत्राला जोडलेली दोन माइकची जोडी पुरते. ती कलावंतांसमोर साधारण दोन-तीन मीटरवर, तिपाईवर उभी करावी. जमिनीवर वा टेबलावर ठेवल्यास पायांचे धक्केही नोंदले जातात. मोठ्या सभागृहात ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरमधून तार घेता येते. त्यासाठी यंत्राला लाइन पातळीचा प्रवेश हवा. बाहेरचे कंडेन्सर माइक जोडायचे असल्यास ४८ व्होल्टचा पुरवठाही हवा. मिक्सरमध्ये गायक स्पष्ट येतो. पण टाळ्या, दाद आणि सभागृहाची गूंज येत नाही. म्हणून चार मार्गांचे यंत्र घेऊन दोन्ही एकत्र नोंदविणे श्रेयस्कर. ध्वनीला दहा मीटर अंतर कापण्यास सुमारे ३० मिलिसेकंद लागतात. दोन्ही नोंदी जुळविताना हा फरक काढून टाकावा लागतो, अन्यथा स्वराला दुहेरी सावली पडते.

रेल्वे आणि ट्रकचा खालचा घुमार काढण्यासाठी अनेक यंत्रांत ८० हर्ट्‌झचा लो-कट दिलेला असतो. तो डोळे मिटून वापरू नये. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्‌झवर येतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ कंप त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्‌झवर असतो. म्हणजे गोंगाटासोबत खर्जही झिजतो. शक्य असल्यास मूळ नोंद न छाटता घ्यावी आणि कमी-अधिक नंतर करावे.

साठवणुकीचा हिशेब सोपा आहे. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट आणि दोन मार्ग असल्यास तासाला सुमारे एक गिगाबाइट जागा लागते. चार मार्गांना दुप्पट. ३२ गिगाबाइटचे कार्ड दोन मार्गांच्या अनेक मैफलींना पुरते. बॅटरी मात्र पुरेलच असे नाही. त्यामुळे नवे सेल किंवा पॉवर बँक सोबत असणे आवश्यक. पॉवर बँकवर यंत्र चालविल्यास विजेच्या ५० हर्ट्‌झच्या गुणगुणीचा धोकाही कमी होतो.

याहून महत्त्वाची आहे ती कलावंताची संमती. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३८ नुसार सादरकर्त्याचे हक्क ५० वर्षे अबाधित राहतात. कलम ३९ नुसार केवळ खासगी वापर, प्रामाणिक अध्यापन वा संशोधन यांसाठी काही मुभा आहे. ध्वनिमुद्रण समाजमाध्यमांवर टाकणे हा खासगी वापर ठरत नाही. त्यामुळे यंत्र सुरू करण्यापूर्वीच विचारणे, हाच कायद्याचा आणि मैफलीच्या शिष्टाचाराचाही मार्ग आहे.

नोंद घरी आणल्यावर तिच्या तीन प्रती कराव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत अन्यत्र ठेवावी. कलावंत, साथीदार, राग, ताल, स्थळ आणि दिनांक त्याच दिवशी लिहून ठेवावेत. नाव-गाव नसलेले ध्वनिमुद्रण काही वर्षांत अनाथ होते, मग ते कितीही महागड्या यंत्रावर घेतलेले असो.